भिंतीवरचा फिकट चौकोन

१

चोरी मंगळवारी सकाळी साडेनऊला उघडकीला आली. चोराने मागे ठेवलं ते एवढंच: भिंतीवर एक फिकट चौकोन आणि त्याच्या वर एक रिकामा खिळा.

वरच्या ऑफिसातली ती भिंत मूळची हिरवी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाकीची भिंत डिझेलच्या धुराने आणि वयाने चहाच्या रंगाची झालेली, आणि मधला चौकोन तेवढा कोवळ्या पानासारखा. तिथे आमच्या बस कंपनीचा मार्ग-परवाना टांगलेला असायचा. लाकडी चौकट, पुढे काच, मागे प्लायवूड, वर टांगायला दोरी. अकरा गाड्या होत्या तेव्हाही तो तिथेच होता, आणि एक गाडी उरली तेव्हाही.

मालकांची मुलगी, आमची ताई, त्याची झेरॉक्स काढायला म्हणून वर गेली आणि तशीच खाली आली. गुरुवारी अकराला एका मोठ्या कंपनीची माणसं सह्या करायला यायची होती. गाडी त्यांची होणार होती, मार्गही त्यांचा. ड्रायव्हर, कंडक्टर आणि मिस्त्री या तिघांना त्यांनी कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. मला नाही. त्यांच्याकडे चौकशीला बाई नसते, फोनचा नंबर असतो. पण मूळ परवाना हातात पडल्याशिवाय सही नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. नक्कल काढायची तर तीन महिने, आणि तीन महिने कोण थांबतो?

मी चौकशीच्या खिडकीत बसते. सव्वीस वर्षं झाली. गाडी किती वाजता, कुठे थांबते, छत्री सापडली का, हे सगळं माझ्याकडे. सगळे मला वहिनी म्हणतात. नवरा इथेच कंडक्टर होता. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण नातं कंपनीने चालू ठेवलं.

ताईने मला वर नेऊन चौकोन दाखवला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, चोर कोण ते तिला ठाऊक आहे.

२

सोमवारी संध्याकाळी सहाला ताई अंगणात आपल्या गाडीत बसून फोनवर बोलत होती. तेव्हा तिने आमच्या ड्रायव्हरला जिना चढताना पाहिलं. त्यात नवल काही नाही. गाडी आत आली की तो रोज वर जातो, किल्ली खुंटीला लावतो आणि मालकांना "गाडी आली" म्हणून सांगतो. चौतीस वर्षांचा नेम. पण सोमवारी उतरताना त्याचा कोट अंगात नव्हता, दोन्ही हातांवर होता, झोपलेलं मूल उचलून आणावं तसा. आणि कोटाखाली काहीतरी सपाट होतं.

शिवाय ड्रायव्हर उंच. आमच्यात त्या खिळ्यापर्यंत ज्याचा हात पोचेल असा तो एकटाच. आणि विक्रीचं ठरल्यापासून तो गप्प होता. दोन अधिक दोन चार, असं ताईचं म्हणणं.

मी विचारलं, मालक तेव्हा कुठे होते? ताई म्हणाली, कुठे असणार, इथेच. चौकटीखालच्या खुर्चीत.

मालकांना दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तरी रोज नऊला ताई त्यांना घेऊन येते, मिस्त्री खांद्याचा आधार देऊन वर त्या खुर्चीत बसवतो आणि सहानंतर तोच खाली आणतो, मग ताई घरी नेते. डाव्या हातात आकड्याच्या मुठीची काठी असते. ताई म्हणाली, बाबांचा डोळा लागला असेल, आणि त्यांना विचारून उगीच त्रास द्यायचा नाही. मालक त्या वेळी आमच्यासमोरच बसले होते. खिडकीबाहेर बघत.

ताई वाईट नाही. हे आधी सांगते, कारण पुढे ती वाईट वाटेल. तिने वर्षभर ही कंपनी एकटीने ओढली. आधी माणसांना पगार दिला आणि मग स्वतःच्या घरी भाजी नेली. दमलेल्या माणसाला चोर लवकर सापडतो.

साडेअकराला गाडी आली. ताईने ड्रायव्हरला वर बोलावलं आणि मला साक्षीला उभं केलं. कोटात काय होतं, तिने विचारलं. तो चौकोनाकडे न बघता मालकांकडे बघत राहिला. मालक खिडकीबाहेर.

"मी चोरी केलेली नाही," तो म्हणाला. एवढंच. मग खुंटीवरून दुपारच्या फेरीची किल्ली घेऊन खाली गेला.

ताईने उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली. परवाना परत आला नाही तर पोलिसांत त्याचं नाव, आणि मोठ्या कंपनीला फोन की त्या यादीतून हा माणूस कमी करा. ड्रायव्हरची नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती. आणि पोलिसांत गेलेल्या ड्रायव्हरच्या हातात कोणी शाळेची रिक्षासुद्धा देत नाही.

मी ताईला म्हटलं, तोवर मला जरा बघू दे. ती थकून हसली. म्हणाली, बघा वहिनी, नाहीतरी चौकशी तुमचंच खातं.

एक वाजायला दहा मिनिटं असताना माझ्या खिडकीवर टकटक झाली. कंडक्टर होता.

"वहिनी," तो म्हणाला, "परवाना मी चोरला."

३

आमचा कंडक्टर बुटका, गोल आणि अतिशय वाईट खोटं बोलणारा आहे. तीस वर्षं सुट्टे नाहीत म्हणून सांगताना पकडला गेलाय. मी त्याला विचारलं, कसा चोरलास? तो म्हणाला, सोमवारी दुपारी वर गेलो, कपाटाजवळचं उंच स्टूल घेतलं, चढलो, काढला. आणि कुठे ठेवलास? तर म्हणे नदीत टाकला. एवढं बोलून तो घंटी वाजवायला पळाला.

मी वर जाऊन स्टूल पाहिलं. त्यावर धुळीचा इतका थर होता की बोटाने वेळापत्रक लिहिता आलं असतं. त्यावर कोणी चढलं असेल तर मागच्या सालात.

तिथे उभी होते म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. खिळ्याच्या वर, वीतभर अंतरावर, भिंतीचा पापुद्रा अर्धचंद्रासारखा खरवडलेला होता आणि आतला हिरवा रंग दिसत होता. उंच माणूस हाताने चौकट काढतो तेव्हा खिळ्याच्या वर त्याला काय काम असणार? मी ते मनात ठेवलं. मनात ठेवणं मला फारसं जमत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात, आणि ज्या बाईच्या हातात दिवसभर माईक असतो तिच्याबद्दल दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी गाडी वीस मिनिटं उशिरा आली. उतरलेल्या दोन प्रवाशांनी माझ्या खिडकीत तक्रार लिहिली. एक शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं की पिठाच्या गिरणीशी ड्रायव्हर स्वतः खाली उतरला आणि दहा मिनिटं आला नाही. दुसऱ्या गृहस्थांनी लिहिलं, रोपवाटिकेपाशी तेच. विचारलं तर कंडक्टर म्हणे, इंजिन तापलंय. "इंजिन तापलं तर ड्रायव्हर रोपवाटिकेत कशाला जातो?" असं त्यांनी खाली अधोरेखित केलं होतं.

मी रात्रीच्या भाजीचा विचार करत घराकडे निघाले आणि फाटकापाशी थबकले. काहीतरी चुकत होतं. गाडी वीस मिनिटं उशिरा आली होती, आणि दिवसभरात एक आवाज व्हायला हवा होता, तो झाला नव्हता.

४

तो आवाज काठीचा. माझी खिडकी मालकांच्या खोलीच्या बरोबर खाली आहे आणि मधली जमीन फळ्यांची. गाडीला पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या डोक्यावर काठी आपटते. वाचा गेल्यापासून मालकांचं वेळापत्रक असं बोलतं. सहा मिनिटं झाली की दोनदा. एकदा पुरात पाऊण तास उशीर झाला तेव्हा छताची धूळ माझ्या चहात पडली होती.

मंगळवारी वीस मिनिटं. आणि वर शांत.

बुधवारी सकाळी मी लवकर आले, तर मिस्त्री माझ्या खिडकीसमोर कपड्याला हात पुसत उभा. मला वाटलंच. त्याने सांगितलं की परवाना त्याने चोरला, स्क्रू-ड्रायव्हरने भिंतीतले चारही स्क्रू काढून. मी म्हटलं, अरे बाबा, तो दोरीने खिळ्याला टांगलेला होता. मिस्त्री विचारात पडला. मग म्हणाला, तेच ते. आणि गाडीखाली जाऊन झोपला, बाहेर येईना.

आता दोन चोर झाले होते, आणि दोघांनाही चोरी कशी झाली ते माहीत नव्हतं. म्हणजे ते कोणाला तरी पाठीशी घालत होते. ड्रायव्हरला? पण तो काहीच कबूल करत नव्हता. मग तो कोणाला घालत होता?

मी जिन्याखाली डबा खायला बसले. माझी ती नेहमीची जागा. तिथे भिंतीला टेकवून दहा पाट्या उभ्या आहेत, आमच्या गेलेल्या दहा गाड्यांच्या. पुढे गावांची नावं, मागे माणसांची. ही आमच्याकडची रीत, मालकांनीच घातलेली. गाडी भंगारात निघाली की तिची पाटी काढायची आणि त्या गाडीवर राबलेल्या प्रत्येकाने मागे आपलं नाव लिहायचं. कोणी गेलेलं असेल तर त्याच्या घरच्याने लिहायचं. मात्र चालत्या गाडीच्या पाटीवर लिहायचं नाही, ते जितेपणी रडण्यासारखं. सहा पाट्यांवर माझ्या नवऱ्याचं नाव त्याच्या अक्षरात आहे, दोहोंवर माझ्या. उन्हाळ्यात ताई म्हणाली होती की या पाट्या जळणाला देऊन टाकू, रडारड पुरे झाली. मालक तेव्हा जिन्याच्या पायरीवर होते, मिस्त्रीच्या खांद्याला धरून.

घास हातात राहिला. मंगळवारी सकाळी सातला ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. माझं पक्क्या शाईचं जाड पेन हवं म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने माझ्याकडे पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं.

साडेअकराला गाडी आली आणि तिसरी तक्रार आली. या वेळी शाळेच्या वळणावर. मी पासांची वही काढली. निवृत्त झालेल्या प्रत्येकाला आम्ही फुकट पास देतो आणि दर वर्षी तो मीच लिहिते, पत्त्यासकट. पिठाची गिरणी: आमचा जुना टायरवाला, आता मुलाच्या गिरणीत बसतो. रोपवाटिका: पहिल्या गाडीचा ड्रायव्हर. शाळेचं वळण: एका क्लीनरची बायको, तो गेला, ती तिथे शिवणकाम करते.

वहीत शेवटच्या थांब्यावरही एक नाव होतं. तिथे गाडी दुपारच्या फेरीत पोचायची होती. परत यायला साडेपाच तरी होणार.

आणि ताईची मुदत पाचची.

५

पाचला पाच कमी असताना मी वर गेले. ताईने फोन हातात घेतला होता आणि नंबर समोर लिहून ठेवला होता. मालक खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. काठीच्या आकड्यात, लाकडाच्या चिरेत, हिरव्या रंगाची पूड अडकलेली होती.

मी ताईला म्हटलं, फोन कर, पण आधी एका साक्षीदाराला विचारायचं राहिलंय. चोरी झाली तेव्हा जो खोलीत होता त्याला आपण दोन दिवसांत एक शब्द विचारला नाही. बोलता येत नाही त्याला माहीतही काही नसतं, असं आपण धरून चाललो.

ती म्हणाली, बाबा झोपले होते.

"ताई, गाडी आत आल्याशिवाय तुझे बाबा आयुष्यात कधी झोपलेत का?"

 मी मालकांसमोर खाली बसले. सांगितलं, हो असेल तर काठी एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. ड्रायव्हरने चोरी केली का?

दोनदा. फळ्या हादरल्या.

मग मी ताईला सांगितलं, जसं मला उलगडलं तसं. ड्रायव्हर वर येण्याआधीच चौकट भिंतीवरून उतरली होती. ती खुर्चीत बसल्या बसल्या, काठीच्या आकड्याने दोरी उचलून उतरवली गेली. खिळ्याच्या वरच्या भिंतीवरचा ओरखडा त्याचा, आणि त्या भिंतीचा रंग अजून काठीत आहे. ड्रायव्हर आला तेव्हा ती मालकांच्या मांडीवर होती, पालथी. गाडी काही मरत नाहीये, ती नव्या रंगात धावणार आहे, म्हणून तिच्या पाटीवर लिहिता येत नाही. मरतेय ती कंपनी. आणि कंपनीची पाटी कुठली, तर ती चौकट.

"आपण सगळ्यांनी परवाना पुढून पाहिला," मी म्हटलं. "नेला गेला तो त्याच्या पाठीसाठी, जुन्या माणसांची नावं लिहून घ्यायला."

मालकांना विचारलं, तुम्हीच दिलात ना?   मग काठी एकदा वाजली, अगदी हळू, दुसऱ्याच्या घराचं दार वाजवावं तशी.

ताई खुर्चीवर बसली. मला का नाही सांगितलं, असं तिने त्यांना विचारलं नाही. तिला जळणाची गोष्ट आठवली असावी. घड्याळात पाच वाजून बारा झाले. ती म्हणाली, वहिनी, हे सगळं तुमचं म्हणणं झालं. परवाना कुठाय? तो खरंच परत आला नाही तर?

 काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा स्वतःच गावांना वळसा घालत हिंडत होता, चाळीस किलोमीटर लांब, गेल्या महिन्यात दोनदा बंद पडलेल्या गाडीत.

साडेपाच झाले. पावणेसहा. काठी वाजली नाही.

६

सहाला चार मिनिटं कमी असताना फाटकातून हॉर्न आला.

ड्रायव्हर जिना चढून आला. मागे कंडक्टर, त्याच्या मागे मिस्त्री, दोघे चोर चोरासारखे. ड्रायव्हरने किल्ली खुंटीला लावली. "गाडी आली," मालकांना म्हणाला, आणि कोट उलगडला.

पुढे काच होती, काचेमागे परवाना, एक सुरकुती नाही. त्याने चौकट टेबलावर पालथी ठेवली. प्लायवूडवर माझ्या पेनाने लिहिलेली नावं, एकाला एक लागून. एक अंगठा होता. शेवटच्या थांब्यावरचे आमचे जुने तिकीट-तपासनीस आता बघू शकत नाहीत. त्यांनी आपलं नाव चाचपत तीनदा आडवंतिडवं लिहिलं होतं, म्हणून उशीर झाला. कंडक्टरांच्या रांगेत दोन ओळींची जागा मोकळी होती.

ती तुमची, वहिनी, ड्रायव्हर म्हणाला, त्याची आणि तुमची. तुम्हाला सगळ्यांत शेवटी सांगायचं ठरलं होतं. का ते विचारू नका.

मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

ताई चौकटीवर वाकली होती. सगळ्यांत वर, पेन्सिलीने, डाव्या हाताच्या पडत्या अक्षरांत मालकांचं नाव होतं. त्याच्याशेजारी त्याच पेन्सिलीने दोन शब्द: छोटी कंडक्टर. सात वर्षांची असताना ताई सुट्टीभर पहिल्या गाडीत बसायची आणि घंटीची दोरी दुसऱ्या कोणाला धरू द्यायची नाही. ते आमच्यापैकी जुन्यांना आठवत होतं. तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिने सगळी नावं वाचली, बोट ठेवून, एकेक. मग पुन्हा वरपासून.

"काका," ती ड्रायव्हरला म्हणाली, "यात तुमचं नाव नाही."

तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "माझं नाव काय लागतं ते पाचला ठरायचं होतं ना. चोराचं नाव यांच्यात नको, म्हणून थांबलो."

"मग बोलला का नाहीत? दोन दिवस?"

त्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी ओठांवर बोट ठेवलं होतं, सोमवारी, असं तो म्हणाला. चौतीस वर्षांत त्यांनी मागितलेलं पहिलंच काही होतं.

ताईने पेन उचललं, टोपण काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. माफी तिने मागितली नाही, तिला ते शब्द सापडले नसावेत. पण पेन धरलेला हात तिने तसाच पुढे ठेवला, तो घेईपर्यंत. घ्यायला त्याला वेळ लागला. मग त्याने लिहिलं, मोठ्या अक्षरात, जसं शाळेत शिकवतात. त्यानंतर मी दोन ओळी भरल्या. पेनाचं टोक दबून पार बोथट झालं होतं. दोन्ही नावं सारखीच जाड उमटली.

गुरुवारी मोठ्या कंपनीचे साहेब आले. ताईने त्यांच्यासमोर चौकटीमागचे खिळे उचकटून परवाना काढला आणि दिला. काच, प्लायवूड आणि चौकट दिली नाही. त्यांनी विचारलं, ही रिकामी चौकट कशाला ठेवता? ताई म्हणाली, ती विक्रीत नाही. जिन्याखालच्या पाट्याही नाहीत, असं तिने करारात पेनाने लिहून घेतलं. मग स्टुलावरची धूळ पदराने पुसून ती स्वतः चढली आणि चौकट उलटी टांगली, नावं पुढे. फिकट चौकोन बरोबर झाकला गेला.

एकची गाडी ही आमची शेवटची. ती सुटायच्या वेळी कंडक्टर वर गेला होता, नाव आणखी एकदा बघायला. ड्रायव्हर त्याला आणायला गेला, मिस्त्री त्या दोघांना. एक वाजून पाच मिनिटं झाली. प्रवासी माझ्याकडे बघायला लागले.

डोक्यावर काठी आपटली. धूळ चहात पडली.

मी माईक हातात घेतला.